शोधणाऱ्याचा अधिकार : सिमँटिक वेब आणि व्यक्तिसापेक्ष शोध

प्रश्नाचे स्वरूप

इंटरनेटवरील शोधयंत्राला शब्द दिला जातो, पण शोधणाऱ्याला हवा असतो अर्थ. शब्द सर्वांचा असतो; त्याचा अर्थ मात्र तो कोण, कुठे आणि कशासाठी वापरतो यावर ठरतो. शब्द आणि अर्थ यांच्यातले हे अंतर कमी करण्यासाठी सिमँटिक वेब ही कल्पना पुढे आली. वेबवरील माहिती माणसाला वाचता येते, तशी तिच्यातील वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध यंत्रालाही ओळखता यावेत, हा तिचा हेतू. हीच रचना माहितीबरोबर माहिती शोधणाऱ्या व्यक्तीलाही लागू केली, तर प्रत्येकाला आपल्या गरजेला धरून उत्तर मिळू शकते.

येथे तंत्राचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्रांतात शिरतो. माणूस विधानांच्या संग्रहात मावतो का? आणि कोणाला काय कळावे हे कोणी ठरवायचे? भारतीय परंपरेत पहिला प्रश्न आत्मविचाराचा आहे आणि दुसरा अधिकारविचाराचा. व्यक्तिसापेक्ष शोध हे वरदान ठरेल की बंधन, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

सिमँटिक वेबची रचना

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. या जालात एक पान दुसऱ्या पानाशी जोडलेले असे. ते कोणत्या नात्याने जोडले आहे, हे यंत्राला कळत नसे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९९ मध्ये रिसोर्स डिस्क्रिप्शन फ्रेमवर्क, म्हणजेच आरडीएफ, हे मानक जाहीर केले. मे २००१ मध्ये बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील लेखातून सिमँटिक वेबची कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवली. त्या लेखातील काल्पनिक प्रसंगात दोन भावंडांना आईच्या उपचारांची सोय करायची आहे. त्यांचे संगणकीय मदतनीस विम्याच्या अटी, घरापासूनचे अंतर, उपचारकेंद्राची विश्वासार्हता आणि भावंडांच्या मोकळ्या वेळा यांचा मेळ घालून पर्याय सुचवतात. व्यक्तीच्या परिस्थितीनुसार उत्तर देणे हे अशा रीतीने या कल्पनेच्या गाभ्यातच होते.

आरडीएफमध्ये प्रत्येक माहिती तीन अवयवांच्या विधानात मांडली जाते : एक वस्तू, तिचा एक संबंध, आणि तो संबंध जिच्याशी आहे ती दुसरी वस्तू किंवा मूल्य. प्रत्येक वस्तूला वेबवरील स्वतंत्र ओळखपत्ता असतो. त्यामुळे 'केसरी' हा शब्द एकच असला, तरी टिळक-आगरकरांचे वृत्तपत्र, रंग, कुस्तीतील 'महाराष्ट्र केसरी' हा किताब आणि २०१९ मधला हिंदी चित्रपट या चार वस्तू यंत्राच्या लेखी वेगळ्या राहतात. वृत्तपत्राच्या ओळखपत्त्याशी ते पुण्यातून १८८१ मध्ये सुरू झाले आणि गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक होते, अशी विधाने जोडता येतात. आगरकरांच्या ओळखपत्त्याशी त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढल्याचे विधान जोडता येते. मग 'केसरीच्या कोणत्या संपादकाने पुढे स्वतःचे पत्र काढले?' या प्रश्नाचे उत्तर एखाद्या पानावर तसेच्या तसे लिहिलेले नसले, तरी विधानांच्या साखळीतून मिळते. वस्तूंचे वर्ग आणि अनुमानाचे नियम सांगण्यासाठी २००४ मध्ये ओडब्ल्यूएल ही भाषा प्रमाणित झाली, तर अशा साठ्यांना प्रश्न विचारण्यासाठी २००८ मध्ये स्पार्क्ल.

वस्तूंचे वर्ग आणि संबंध सांगणाऱ्या अशा आराखड्याला संगणकशास्त्रात 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. तत्त्वज्ञानात हे सत्तामीमांसेचे नाव आहे. जे जे आहे त्याचे मूलभूत प्रकार कोणते, हा प्रश्न कणादांच्या वैशेषिक दर्शनाने विचारला आणि द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय असे सहा पदार्थ मानले. पुढे त्यांत अभावाची भर पडली. पदार्थांची अशी यादी करणे म्हणजे जगाकडे पाहण्याची एक भूमिका घेणे होय. ऑन्टॉलॉजी रचणारा संगणकतज्ज्ञही, त्याला जाणीव असो वा नसो, अशीच भूमिका घेत असतो.

सारे वेब अशा विधानांनी भरून जाईल ही मूळ अपेक्षा पूर्ण झाली नाही. पानोपानी खुणा करण्याचे श्रम मोठे असतात, आणि खुणा करणारा चुकू शकतो किंवा फसवूही शकतो. तरीही कल्पनेचा मोठा भाग प्रत्यक्षात आला. विकिपीडियातील माहिती विधानांच्या रूपात देणारा डीबीपीडिया २००७ मध्ये सुरू झाला. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा समान शब्दसंग्रह तयार केला. २०१२ मध्ये गूगलचा नॉलेज ग्राफ आला आणि त्याच वर्षी कोणालाही भर घालता येईल असा विकिडेटा हा खुला प्रकल्पही आला. शोधाच्या निकालाशेजारी दिसणारी व्यक्तीची, गावाची वा ग्रंथाची माहितीची चौकट या वाटेनेच तयार होते.

अर्थ कोणाचा?

वस्तूंची ओळख वेगळी केल्याने अर्धेच काम होते. चार 'केसरी' वेगळे आहेत हे यंत्राला कळले, तरी समोरच्या माणसाला त्यांपैकी कोणता हवा आहे हे कळत नाही. वाक्यातून अर्थबोध कसा होतो याचा विचार करताना भारतीय शास्त्रकारांनी चार कारणे मानली. पदांना एकमेकांची अपेक्षा असणे म्हणजे आकांक्षा, अर्थांचा मेळ बसणे म्हणजे योग्यता, पदे जवळ असणे म्हणजे सन्निधी, आणि बोलणाऱ्याचा अभिप्राय म्हणजे तात्पर्य. पहिली तीन वाक्याकडे पाहून तपासता येतात. चौथ्यासाठी माणसाकडे पाहावे लागते. शास्त्रग्रंथांतले ठरलेले उदाहरण 'सैंधव आण' या आज्ञेचे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशाचा घोडा. जेवणाच्या वेळी मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना घोडा. वाक्य तेच, पण प्रसंग निर्णय देतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, सामर्थ्य, औचित्य, देश आणि काल या त्यांतल्या काही.

ही यादी आजच्या शोधालाही लागू पडते. शेतकऱ्याने शोधयंत्रात 'करपा' हा शब्द टाकला, तर त्याला काय दाखवायचे? भातावरचा करपा, केळीवरचा करपा, कांद्यावरचा करपा आणि टोमॅटोवरचा लवकर किंवा उशिरा येणारा करपा हे वेगवेगळ्या रोगकारकांचे वेगवेगळे रोग आहेत. पाने करपल्यासारखी दिसतात म्हणून बोलीत त्यांना एकच नाव मिळाले. एका पिकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर औषध, पैसा आणि हंगाम वाया जातो. शेतकऱ्याचा प्रश्न अपुरा नसतो. आपण भात लावला आहे, हे त्याच्या दृष्टीने सांगण्याची गरज नसलेले सत्य असते. 'हा शोधकर्ता भाताचे पीक घेतो', 'त्याचे शेत कोकणात आहे', 'सध्या खरीप चालू आहे' ही तीन विधाने उपलब्ध असतील, आणि कृषिज्ञानाच्या साठ्यात पीक, रोग, हवामान व उपाय यांचे संबंध नोंदलेले असतील, तर एका शब्दातून नेमके उत्तर काढता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोव्होक हा बहुभाषिक शब्दसंग्रह अशा जोडलेल्या विधानांच्या रूपातच प्रसिद्ध होतो. ज्ञानाची बाजू जोडण्याचे काम अशा साठ्यांतून होते. देश, काल आणि प्रकरण ही भर्तृहरीची साधने येथे विधानांच्या रूपाने काम करतात.

अंदाज आणि विधान

आजचा व्यक्तिसापेक्ष शोध मुख्यतः वर्तनावरून केलेल्या अंदाजावर चालतो. माणसाने आधी काय शोधले, कशावर क्लिक केले, तो कुठे आहे, त्याच्यासारख्या इतरांनी काय निवडले, यांवरून त्याच्या आवडीची संभाव्यता काढली जाते. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये खात्यात प्रवेश न केलेल्या लोकांसाठीही असे निकाल देणे सुरू केले. अंदाजाची पद्धत प्रभावी आहे, पण अपारदर्शक आहे. एखाद्याला विशिष्ट निकाल का दिसला, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. प्रचंड मजकुरावर शिकलेली आजची भाषाप्रारूपे संदर्भ अधिक चांगला ओळखतात. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, या विटगेनस्टाइनच्या विचाराशी त्यांचे नाते जवळचे आहे. पण आपल्या उत्तराचे कारण तपासण्याजोग्या स्वरूपात ती सहसा देऊ शकत नाहीत.

विधानांवर चालणाऱ्या शोधात कारण समोर मांडता येते : 'तुम्ही भात पिकवता असे तुम्ही सांगितले आहे, म्हणून हा रोग दाखवला.' कारण चुकले असेल तर विधान दुरुस्त करता येते, जुने झाले असेल तर काढून टाकता येते. विधान कोणी केले, कधी आणि कशाच्या आधारे, हे नोंदण्यासाठी २०१३ मध्ये प्रोव्ह हे मानकही आले. व्यक्ती आणि तिचे स्नेहसंबंध विधानांत सांगणारा फोफ हा शब्दसंग्रह तर २००० सालापासून आहे. सिमँटिक वेबचे वैचारिक महत्त्व या तपासणीच्या शक्यतेत आहे. नुसती अचूकता अंदाजाच्या पद्धतीलाही साधेल. उत्तराला जाब विचारण्याची सोय विधानांमुळे होते.

माणूस विधानांत मावतो का?

माणसाविषयीची सगळी विधाने एकत्र केली, तर माणूस हाती येतो का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही रथ नव्हे. या सर्वांच्या आधारे 'रथ' हे व्यवहारातले नाव उभे राहते. त्याप्रमाणे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांच्या आधारे 'नागसेन' हे नाव वापरले जाते. त्यापलीकडे स्थिर व्यक्ती सापडत नाही. डेव्हिड ह्यूमनेही १७३९ मध्ये स्वतःच्या शोधात आपल्याला एकामागून एक येणाऱ्या प्रतीतीच आढळतात, असे म्हटले.

वरवर पाहता हे मत प्रोफाइलच्या बाजूचे वाटते : माणूस जर समूहच असेल, तर समूहाची नोंद म्हणजे माणसाचीच नोंद. पण बौद्ध विचाराचा भर समूहाइतकाच क्षणिकतेवर आहे. स्कंध सतत बदलतात आणि नोंद मात्र तशीच राहते. कालच्या विधानांनी आजच्या माणसाला बांधणे ही या दृष्टीने चूकच आहे. 'बृहदारण्यक' उपनिषदातील याज्ञवल्क्य उलट टोकाकडून येतो. तो आत्मा मानतो, पण जो सर्व जाणतो त्या जाणणाऱ्याला ज्ञानाचा विषय कशाने करायचे, असा प्रश्न मैत्रेयीपुढे ठेवतो. एक दर्शन आत्मा नाकारते, दुसरे त्याला सर्वांचा आधार मानते. तरी माणसाविषयीची विधाने म्हणजे माणूस नव्हे, या निष्कर्षावर दोघेही येतात.

सिमँटिक वेबच्या तर्कशास्त्रात या मर्यादेला अनुरूप एक तत्त्व आहे. नेहमीच्या अनेक डेटाबेस-व्यवहारांत जे नोंदलेले नाही ते खोटे मानले जाते. आरडीएफ आणि ओडब्ल्यूएल मात्र खुल्या जगाचे गृहीतक पाळतात : जे सांगितलेले नाही ते अज्ञात आहे, असत्य नव्हे. भारतीय प्रमाणविचारात याच जातीची काळजी अनुपलब्धीच्या चर्चेत घेतली गेली. वस्तू दिसत नाही एवढ्यावरून तिचा अभाव सिद्ध होत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात तसे म्हणता येत नाही. माणसाने तत्त्वज्ञानाचे पुस्तक कधी शोधले नाही, म्हणून त्याला तत्त्वज्ञानात रस नाही, हे अंधारातले अनुमान आहे. व्यक्तिसापेक्ष शोधात असे अनुमान रोज केले जाते आणि त्याचा परिणाम असा की, त्या माणसाला ते पुस्तक पुढेही दिसत नाही.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात याला लागून असलेला पेच आहे. जे मुळीच ठाऊक नाही ते शोधायचे कसे, आणि सापडले तरी हेच ते, हे ओळखायचे कसे? व्यक्तिसापेक्ष शोध भूतकाळाकडे पाहून या पेचाला उत्तर देतो : आधी जे आवडले त्यासारखेच हवे असणार. माहितीच्या शोधात हे पुष्कळदा खरे ठरते. ज्ञानाच्या शोधात मात्र शोधणारा स्वतः बदलत असतो. ज्याला काय हवे आहे ते पूर्वीच ठरून गेले, त्याची जिज्ञासा संपली. म्हणून शोधणाऱ्याला ओळखणाऱ्या यंत्रणेने त्याच्या अनोळखी भागासाठी जागा मोकळी ठेवली पाहिजे.

अधिकाराचा प्रश्न

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात, असा वेदान्त परंपरेचा संकेत आहे. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त तो स्पष्ट मांडला आहे. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे ते अनुबंधचतुष्टय. ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, विषयाशी त्याचे नाते काय आणि त्यातून साधायचे काय, हे आधी सांगितले की वाचणाऱ्याला आपला मार्ग ठरवता येतो. सिमँटिक वेबने विषय आणि संबंध यांची व्यवस्था केली. व्यक्तिसापेक्ष शोध त्यात अधिकारी आणि प्रयोजन यांची भर घालू पाहतो. ज्ञान आणि ज्ञाता यांची सांगड घालण्याची कल्पना अशी जुनी आणि आदरणीय आहे.

तिचा इतिहास मात्र निष्कलंक नाही. मीमांसेत अधिकाराचा उगम इच्छेत मानला जातो. ज्याला स्वर्ग हवा तो स्वर्गफल देणाऱ्या यज्ञाचा अधिकारी. इच्छा सर्वांनाच असते, म्हणून अधिकारही सर्वांना, असे बादरी या आचार्यांचे मत जैमिनींच्या सूत्रांत नोंदलेले आहे. परंपरेने ते मत नाकारले आणि अधिकार जन्माशी जोडला. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणाने आणि त्यावरील शांकरभाष्याने शूद्रांना वेदाध्ययनातून वगळले. मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ या बंधनाच्या विरोधात उभा आहे. महानुभाव पंथाने धर्मज्ञानासाठी मराठीचा आग्रह धरला. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ लोकभाषेत आणला. वारकरी संतांनी भक्तीचा अधिकार सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांचा मानला. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिक्षणाचा अधिकारही त्याच वाटेवर पुढे गेला.

या इतिहासातून दोन प्रकारचे अधिकार वेगळे दिसतात. एक जिज्ञासेतून येतो : शोधणारा आपले प्रयोजन सांगतो आणि त्यानुसार उत्तर मागतो. दुसरा वर्गीकरणातून लादला जातो : माणूस अमुक वर्गातला आहे, म्हणून त्याला एवढेच. व्यक्तिसापेक्ष शोध दोन्ही रूपे घेऊ शकतो. एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये 'द फिल्टर बबल' या पुस्तकात दुसऱ्या रूपाचा धोका मांडला : निवड यंत्र करते आणि काय वगळले गेले हे वाचणाऱ्याला दिसत नाही. जुन्या काळी बंदी उघड होती, म्हणून तिच्याविरुद्ध उभे राहता आले. न दिसणाऱ्या वगळण्याविरुद्ध उभे राहणे फार कठीण आहे. नोकरी, घर, कर्ज किंवा शिक्षण यांचा शोध घेताना जात, धर्म, लिंग वा वस्ती यांवरून पर्याय झाकले गेले, तर नव्या साधनाने जुनाच अन्याय चालू राहील. विधानांची पद्धत आपोआप न्याय्य नसते. 'जात' हा संबंध एखाद्या ऑन्टॉलॉजीत घेतला की त्यावरून अनुमान काढणारे नियमही लिहिता येतात. वर्ग ठरवणाऱ्याची नैतिक जबाबदारी येथे सर्वांत मोठी आहे.

न्याय्य व्यक्तिसापेक्षतेच्या अटी

या विचारातून व्यक्तिसापेक्ष शोधाच्या चार अटी निघतात. पहिली, व्यक्तीविषयीची विधाने शक्यतो व्यक्तीने स्वतः केलेली असावीत, आणि इतरांनी केलेली असल्यास ती तिला दिसावीत. दुसरी, त्यांत दुरुस्ती करता यावी आणि ती मागेही घेता यावीत, कारण माणूस बदलतो. तिसरी, प्रत्येक शोधाला त्याच्या प्रयोजनापुरतीच विधाने मिळावीत. पिकावरील रोग शोधताना शेतकऱ्याच्या आजारपणाची वा धर्माची माहिती यंत्राला लागत नाही. चौथी, सारी विधाने बाजूला ठेवून शोध घेण्याची मोकळीक नेहमी असावी, म्हणजे अनपेक्षिताशी गाठ पडण्याची शक्यता टिकते.

तांत्रिकदृष्ट्या या अटी अशक्य नाहीत. बर्नर्स-ली यांच्या सॉलिड प्रकल्पात व्यक्तीची माहिती तिच्या ताब्यातील स्वतंत्र साठ्यात राहते आणि कोणत्या सेवेला त्यातले काय वाचू द्यायचे, हे ती व्यक्ती ठरवते. या कामासाठी त्यांनी स्थापलेली इनरप्ट ही कंपनी २०१८ मध्ये लोकांसमोर आली. कायद्याची दिशाही अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. युरोपीय संघाचा माहितीसंरक्षण नियम मे २०१८ पासून लागू झाला आणि भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आपली माहिती पाहणे आणि दुरुस्त करून घेणे, हे हक्क या दोन्ही कायद्यांत आहेत.

मराठी भाषकांसाठी आणखी एक अट उरते. व्यक्तीची बाजू कितीही नेमकी सांगितली, तरी ज्ञानाची बाजू मराठीत नसेल तर शोध अपुराच राहणार. पिकांची, रोगांची, गावांची, ग्रंथांची आणि बोलींतील नावांची मराठी विधाने खुल्या साठ्यांत असतील, तरच 'करपा' म्हणणाऱ्याला त्याच्या शब्दात विचारून त्याच्या शेताचे उत्तर मिळेल. मराठीत ज्ञानकोश रचण्याची परंपरा श्री. व्यं. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'पासून लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालील 'मराठी विश्वकोशा'पर्यंत मोठी आहे. त्या ज्ञानाला यंत्राला समजेल असे विधानरूप देणे हे त्या परंपरेचे पुढचे काम आहे.

शोध व्यक्तिसापेक्ष होतो तो यंत्राने माणसाला पुरते ओळखल्यामुळे नव्हे. तशी ओळख शक्य नाही आणि तिची गरजही नाही. माणूस आपला प्रसंग आणि आपले प्रयोजन स्वतः सांगू शकतो, यंत्र त्याला मानून उत्तर देते आणि त्या उत्तराचे कारणही दाखवते, तेव्हा शोध त्या माणसाचा होतो. सिमँटिक वेब हे यासाठीचे साधन आहे. बादरींनी ज्या इच्छेत सर्वांचा अधिकार पाहिला, तीच इच्छा अशा शोधात एकमेव पात्रता म्हणून पुरेशी मानली पाहिजे.